चांदोबा, वेताळ आणि पैठणची चित्रं

आमच्या लहानपणी घरातल्या छापील कागदाच्या दोन जाती होत्या. पहिली जपून ठेवायची: पोथ्या, पंचांग, शाळेची पुस्तकं, फार तर एखादा दिवाळी अंक. दुसरी जात वाचून झाली की रद्दीत जायची. चांदोबा, इंद्रजाल कॉमिक्स आणि पुढे आलेल्या अमर चित्र कथा या दुसऱ्या जातीतल्या. गुलमंडीवरच्या किराणा दुकानातून आलेली जिऱ्याची पुडी उलगडली की आत विक्रमादित्य तलवार घेऊन उभा दिसायचा. त्याचं कुणालाच काही वाटत नसे.

आज मात्र गोष्ट उलटी झाली आहे. त्या काळची शालेय पुस्तकं कुणी विचारत नाही, आणि इंद्रजालचे सुरुवातीचे अंक हजारोंच्या भावाने विकले जातात. आमच्या घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत यातलं थोडंफार टिकून आहे. यंदा मोजदाद केली. ३८ चांदोबा, ६१ इंद्रजाल, १७ अमर चित्र कथा. काही वडिलांनी ठेवलेले, बरेचसे दादाचे, उरलेले मी नोकरीत असताना रद्दीच्या दुकानातून उचललेले. आता या ट्रंकेचं काय करायचं, हा प्रश्न घरात अधूनमधून निघतो. वहिनींचं मत स्पष्ट आहे, "वन्सं, कसर लागायच्या आत देऊन टाका." म्हणून म्हटलं, एकदा यांचा इतिहास नीट मांडावा, मग निर्णय.

सुरुवात चांदोबापासून. जुलै १९४७, म्हणजे स्वातंत्र्याच्या जेमतेम महिनाभर आधी, मद्रासमध्ये बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या जोडीने तेलुगू आणि तमिळ भाषांत 'चंदामामा' सुरू केला. पुढे ज्यांनी 'मायाबाजार' सिनेमा काढला तेच हे दोघे. मराठी चांदोबा १९५२ चा. आता या सालाकडे जरा आमच्या मराठवाड्यातून पाहा. हैदराबाद संस्थान भारतात आलं ते सप्टेंबर १९४८ मध्ये. १९५२ साली औरंगाबाद अजून हैदराबाद राज्यातच होतं. १९५६ साली ते द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं आणि १९६० साली महाराष्ट्रात. माझ्या वडिलांचं सगळं शिक्षण उर्दू माध्यमातून झालेलं. मराठी घरी बोलत, पण सरसर वाचायची सवय नव्हती. मोठ्या अक्षरातला, सोप्या वाक्यांचा, बाजूला चित्र असलेला चांदोबा आम्हा भावंडांसाठी घरी येई, पण पहिला वाचून काढत ते वडील. आईचंही तेच. तिसरीत शाळा सुटलेली ती बाई चांदोबा वाचता वाचता पुढे हरिविजयापर्यंत पोचली. म्हणजे बघा, मद्रासमध्ये छापलेलं मुलांचं मासिक आमच्या भागातल्या प्रौढांना मराठी वाचायला शिकवत होतं! साक्षरतेच्या कुठल्या अहवालात हे आलं असेल असं वाटत नाही.

चांदोबाची चित्रं सगळ्या भाषांत एकच असायची. मजकूर मुळात तेलुगूत तयार व्हायचा, तिथून बाकीच्या भाषांत जायचा. कोडवटिगंटी कुटुंबराव यांनी १९५२ पासून १९८० पर्यंत संपादनाची बाजू सांभाळली. त्यामुळे गोष्ट उज्जैनीची असो की काशीची, देवळाला गोपुर आणि राणीच्या वेणीत गजरा, हे ठरलेलं. आम्हाला ते कधी खटकलं नाही. प्रेत खांद्यावर टाकून स्मशानातून निघालेला विक्रम राजा ज्यांनी काढला ते 'शंकर', म्हणजे के. सी. शिवशंकरन. १९५२ साली ते चांदोबाच्या कचेरीत आले आणि जवळजवळ सारं आयुष्य त्या चित्रांत घालवलं. २०२० मध्ये ते गेले. पद्मश्री जाहीर झाली २०२१ साली, मरणोत्तर. चांदोबा स्वतः मात्र त्यांच्या आधीच गेला होता. १९९८ च्या सुमारास एकदा बंद पडला, पुन्हा सुरू झाला, २००७ मध्ये मुंबईच्या जिओडेसिक कंपनीने विकत घेतला आणि २०१३ च्या सुमारास कायमचा थांबला.

दुसरा वेताळ आला मुंबईहून. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली वर्तमानपत्रासाठी रचलेला 'फँटम' हा त्याचा नायक. पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांत हे अंक निघाले. आणि मराठीत फँटमचा झाला 'वेताळ'. ज्या कुणाला हे नाव सुचलं त्याला माझा नमस्कार! भूत म्हणावं तर भूत, देव म्हणावं तर देव, रात्री फिरणारा आणि गावाची राखण करणारा. कोकणात तर वेताळाची देवळं आहेत. आम्हाला तो जंगलातला घट्ट कपड्यांतला, मुखवट्याचा गोरा माणूस परका वाटलाच नाही. चांदोबातला वेताळ प्रश्न विचारायचा आणि हा वेताळ ठोसा लगावायचा, एवढाच फरक.

भारतात आणताना त्यात थोडी काटछाटही झाली होती. मूळ कथेतलं जंगल 'बंगाल' नावाशी मिळतंजुळतं होतं, इकडे त्याचं 'डेंकाली' झालं. चाच्यांच्या टोळीचं मूळ नाव 'सिंग' होतं, ते 'सिंगा' केलं. कुणाची मनं दुखावू नयेत म्हणून घेतलेली काळजी, दुसरं काय. १९७६ मध्ये आबिद सुरतींनी 'बहादूर' हा देशी नायक दिला. कुर्ता आणि जीन्स घालणारा, डाकूंच्या विरोधात गावकऱ्यांना उभं करणारा. चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. इंद्रजालची बरीचशी रंगीत मुखपृष्ठंही त्यांच्याच हातची. आधी मासिक, मग पाक्षिक, मग साप्ताहिक असं करत सुमारे ८०० अंक निघाले आणि १९९० साली इंद्रजाल बंद झालं.

आमच्याकडे विकत घेण्याची ऐपत सगळ्यांची नव्हती. आमच्या गल्लीत एक जण घराच्या ओट्यावर दोरी बांधून त्यावर अंक लटकवायचा. दहा पैशांत एक, तिथेच बसून वाचायचा. अशा अंकांची काय गत होणार? पन्नास मुलांच्या हातून गेलेला अंक वर्षभरात संपायचा. कव्हर पहिलं जायचं, मग मधली पिन. म्हणून मराठी इंद्रजाल आज इतकं दुर्मीळ. इंग्रजी अंक ज्या घरांत गेले तिथे कपाटं होती. मराठी अंक ओट्यावर वाचले गेले आणि ओट्यावरच संपले.

तिसरा गठ्ठा अमर चित्र कथांचा. इंद्रजालच्या सुरुवातीच्या काळात तिथे असलेल्या अनंत पै यांनी १९६७ साली ही मालिका सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा चित्रकारांनी ती उभी केली. यातल्या एका अंकाबद्दल मला मुद्दाम लिहायचं आहे. १९७९ साली बाबासाहेब आंबेडकरांवरचा अंक निघाला. चित्रं दिलीप कदमांची, लेखन एस. एस. रेगे यांचं. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९७८ मध्ये, आमच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. गावोगावी दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. त्या मधल्या काळात मी नुकतीच शिकवायला लागले होते. मोठी माणसं ज्या नावावरून भांडत होती त्या नावाचा माणूस कोण, लहानपणी त्याला पाणी का मिळालं नाही, हे बत्तीस पानांत चित्रांनी सांगणारी गोष्ट मुलांच्या हातात होती. ती वाचून वर्गात जे प्रश्न आले ते पाठ्यपुस्तकातल्या धड्याने कधी आणले नव्हते. आज तो अंक हातात घेतला की कागद जीर्ण लागतो, पण १९७९ हे साल आठवलं की अंगावर शहारा येतो. याला रद्दी कसं म्हणायचं?

असो. आता संग्रहाकडे वळते.

जुन्या कॉमिक्सचे संग्राहक आता देशभर आहेत. त्यांचे आपसात भाव ठरलेले असतात: पहिला अंक, पिन गंजलेली नसलेला अंक, आतलं कूपन न कापलेला अंक. हे सगळं मला समजतं, कारण मीही दर रविवारी रद्दीवाल्याकडे गोण्या उपसल्या आहेत. तमिळनाडूत तर याच्याही पुढची गोष्ट आहे. शिवकाशीसारख्या, फटाक्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात एका घराण्याने १९७२ मध्ये 'मुत्तू' आणि १९८४ मध्ये 'लायन' ही कॉमिक्स सुरू केली. युरोपातल्या चित्रकथा तमिळमध्ये आणल्या. मोठं वृत्तपत्र पाठीशी नाही, तरी वाचकांनी आगाऊ पैसे भरून ती तगवली. जे वाचक लहानपणी ती वाचत होते तेच आज नातवंडांसाठी घेतात. तिथे संग्रह म्हणजे आठवणींची पेटी राहिली नाही, तो चालू धंद्याचा आधार झाला. मराठीत तसं घडलं नाही. आपल्याकडे बालभारतीचं 'किशोर', १९७१ सालापासूनचं, अजून निघतं आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर कुणालाही मोफत वाचता येतात, ही मात्र मोठी समाधानाची गोष्ट. पण ते सरकारी मंडळाचं मासिक. मराठी इंद्रजालला आणि जुन्या मराठी चित्रकथांना असं कुणी पालक नाही.

ग्रंथालयांचं म्हणाल तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशनाची प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांत जायला हवी. कायदा चांगला आहे. पण गावोगावच्या वाचनालयांत, जिथे आपण खरोखर वाचत होतो, तिथे कॉमिक्सची दाखल नोंद बहुधा नसायचीच. ती पुस्तकं मानली जात नव्हती.

मागच्या दिवाळीत भाच्याचा मुलगा आला होता. ट्रंकेतला एक वेताळ त्याने हातात घेतला, मोबाइलवर दोन मिनिटं शोधलं आणि म्हणाला, "आजी, हा तर इथे आहे सगळा!" खरंच होता. तेच जंगल, तीच कवटीची गुहा, तोच चौकटींचा क्रम, रंग तर माझ्या अंकापेक्षा ताजे. फक्त भाषा इंग्रजी. मग जपायचं कशाला, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि त्याचं फार चुकत होतं असंही नाही.

मग आम्ही दोघांनी दोन्ही शेजारी ठेवून चौकट-चौकट वाचून पाहिलं. तेव्हा कळलं की मराठीत कुणीतरी केवढं काम करून ठेवलं आहे. इंग्रजी वाक्याला बेतलेल्या लहानशा फुग्यात मराठी वाक्य बसवायचं. जंगलातल्या माणसांनी वेताळाशी कोणत्या मराठीत बोलायचं, कुणी कुणाला 'अहो' म्हणायचं आणि कुणी 'अरे', हे ठरवायचं. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. मराठीत मात्र प्रत्येक चौकटीत नातं ठरवल्याशिवाय वाक्यच पुढे सरकत नाही. ठोशाचा आवाज, गोळीचा आवाज, घोड्याच्या टापा, हे सगळं आपल्या कानाला पटेल असं लिहायचं. हे ज्यांनी केलं त्यांचं नाव माझ्याजवळच्या एकाही अंकावर नाही. चित्रकाराचं नाव जगभर झालं, मालकी हक्क अमेरिकेत किंग फीचर्सकडे सुरक्षित आहे. आमच्या पिढीला धावतं, बोलतं मराठी ज्यांनी शिकवलं ते अनुवादक मात्र निनावी राहिले. चित्रं तर कुठेही मिळतील. मराठी बोल फक्त या फाटक्या कागदावर आहेत.

आणि इथे मला आमचं पैठण आठवलं.

पैठण इथून पन्नास-एक किलोमीटर. साडीसाठी आणि नाथांसाठी सगळ्यांना माहीत. पण 'पैठणची चित्रं' म्हणून आणखी एक ठेवा आहे. सुटे कागद, दोन दोन पाठीला पाठ चिकटवलेले, दोन्ही बाजूंना चित्र. चामड्याच्या बाहुल्यांसारखी बाजूने काढलेली माणसं, टपोरे डोळे, लाल-पिवळे-हिरवे भडक रंग. रामायण-महाभारतातले प्रसंग. अशा पानांचा एक गठ्ठा म्हणजे एक पोथी. चित्रकथी गावोगाव फिरून रात्री दिव्याच्या उजेडात एकेक पान धरायचा आणि गोष्ट सांगायचा, गायचा. कॉमिक्स म्हणजे तरी काय निराळं? 'चित्रकथक' हा शब्द चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथातही येतो. म्हणजे हा धंदा आपल्याकडे किमान नऊशे वर्षांचा.

ही चित्रं आज पाहायची तर पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं लागतं. दिनकर केळकर, म्हणजे कवी 'अज्ञातवासी', यांनी १९२० च्या सुमारास वस्तू गोळा करायला सुरुवात केली. दिवे, कुलुपं, अडकित्ते, वाद्यं, जे इतरांच्या लेखी मोडीत काढायचं ते त्यांनी आणलं. आपल्या गेलेल्या मुलाचं नाव संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. ते संग्राहक होते म्हणून पैठणची चित्रं उरली. त्यांच्याबद्दल कृतज्ञता आहेच.

पण काचेमागच्या त्या पानांपुढे उभं राहिलं की एक गोष्ट टोचते. चित्र आहे, सांगणारा नाही. कथा चित्रावर लिहिलेली नसे, ती चित्रकथ्याच्या तोंडात असे. रामायण आपल्याला माहीत आहे, पण पैठणच्या बाजूचा चित्रकथी ते कुठल्या बोलीत, कुठल्या चालीवर, कुठे थांबून आणि कुठे हसवून सांगायचा, ते त्या पानांवरून कळत नाही. पैठणला मी इतक्या वेळा गेले, पान धरून गोष्ट सांगणारा मला एकदाही भेटला नाही. तिकडे सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळींनी चित्रांबरोबर सांगणंही टिकवलं. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती यासाठीच. पिंगुळीला वारसा घराघरात राहिला, म्हणून आवाज राहिला.

अजिंठ्यातही थोडं असंच. सतराव्या लेण्याच्या भिंती जातककथांनी भरल्या आहेत, पण कोणतं चित्र कोणत्या कथेचं, हे ओळखायला डीटर श्लिंगलॉफसारख्या अभ्यासकांना वर्षानुवर्षं जुने ग्रंथ धुंडाळावे लागले. तिथे निदान ग्रंथ शिल्लक होते, म्हणून जुळवाजुळव करता आली. बोल कुठेतरी लिहिलेले असतील तर चित्र पुन्हा बोलतं. नसतील तर ते नुसतं देखणं राहतं.

म्हणून मी ट्रंक देणार नाही आणि विकणारही नाही, निदान इतक्यात. एक दोनशे पानी वही आणली आहे. रोज दुपारी एक अंक घ्यायचा. क्रमांक, साल, किंमत, किती पानं शिल्लक, हे आधी लिहायचं. मग चौकटी मोजत मराठी मजकूर जसाच्या तसा उतरवायचा, जुन्या शुद्धलेखनासकट. छपाईतल्या चुकाही तशाच. ज्या अंकांवर कुणा मुलाने पेन्सिलीने आपलं नाव, इयत्ता लिहिली आहे, तेही टिपायचं. हक्क ज्यांचे त्यांचे राहू देत. मला छापायचं नाही, विकायचं नाही. पुढेमागे एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागाला किंवा ग्रंथालयाला यात रस वाटला तर ट्रंक आणि वही दोन्ही बरोबरच द्यायची, वेगवेगळी नाही. घरच्यांनी हे लक्षात ठेवावं, म्हणूनही इथे लिहून ठेवते.

आतापर्यंत नऊ अंक झाले. भाच्याच्या मुलाला त्यातला एक फोनवरून वाचून दाखवला. त्याच्यासमोर इंग्रजी पानं, माझ्यासमोर मराठी. "पुढचं पान, आजी," असं तो म्हणत गेला आणि मी वाचत गेले. वेताळाने दरडावलेलं मराठीत ऐकून तो खो खो हसला आणि पुन्हा वाचायला लावलं.

तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, देव्हाऱ्याखालच्या खणात असा एखादा मराठी अंक असेल तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा उघडून मोठ्याने वाचा. कव्हर नसलं तरी चालेल. वेखंडाचे दोन तुकडे आत टाका, जाड कागदात गुंडाळा आणि वर साल लिहून ठेवा. आणि माझ्या ६१ मध्ये नसलेला वेताळ तुमच्याकडे निघाला तर मला कळवा. अंक नको, मजकूर उतरवून घ्यायला मी वही घेऊन येईन.